समुद्रकाठच्या गावात बर्फावरची हॉकी

मागच्या अंकात लेकीकडच्या मुक्कामाबद्दल लिहिताना अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये चालणाऱ्या बर्फावरच्या हॉकीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. एरवी या पानावर गुडघेदुखी, मुलांची उंची, शाळेतली कवायत असे प्रश्न असतात. ते या वेळी पुढच्या अंकासाठी ठेवते. जन्मभर मुलींना हॉकी शिकवली, तेव्हा हॉकीवर कोणी विचारलं की मला सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न : नमस्कार बाई. येत्या डिसेंबरात मी आणि आमचे हे मुलाकडे सॅन डिएगोला चाललोय. सूनबाई तिथल्या ‘गल्स’ नावाच्या संघाच्या आइस हॉकीची तिकिटं काढणार म्हणते. मुलगा सांगतो, तिथं समुद्र आहे, हवा कायम उबदार, बर्फ कधी पडतच नाही. मग बर्फावरची हॉकी होते कशी? ह्यांचे गुडघे दुखतात, मला थंडी सोसत नाही. त्यात खेळातलं काही कळणार नसेल, तर सुनेचे पैसे कशाला वाया घालवायचे? नको म्हणून सांगावं का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नको म्हणू नका. सुनेनं आपणहून सासू-सासऱ्यांना सामन्याला न्यायचं ठरवलंय, यातच सगळं आलं. आणि खेळ कळणार नाही ही भीती तर मनातून काढूनच टाका. जाण्याआधी चार गोष्टी माहीत असल्या की पुरे, त्या इथं सांगते.

आधी बर्फाचं. गोव्याहून, कारवारहून आपल्याकडे येणारी मासळी ज्या बर्फात येते, तो कारखान्यात कसा होतो ते ह्यांना विचारा, त्यांनी नक्की पाहिलं असेल. पाण्यानं भरलेले लोखंडी डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडतात. मिठामुळे ते पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, उलट डब्यातल्या पाण्याची उष्णता ओढून घेतं आणि डब्यात लादी तयार होते. स्टेडियममध्ये तत्त्व हेच, फक्त डब्यांऐवजी जमीन. काँक्रीटच्या फरशीत नळ्यांचं जाळं पुरलेलं असतं आणि त्यातून शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल फिरत राहतं. वरून पाण्याचे पातळ थर एकावर एक देत जातात. मध्येच पांढरा रंग, निळ्या-लाल रेघा, आणि त्यावर पुन्हा थर. सगळा बर्फ मिळून जाडी जेमतेम इंच-सव्वा इंच. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असले तरी त्या फरशीला त्याचं काही नाही. समुद्रकाठी खरा त्रास उन्हापेक्षा दमट हवेचा. ओलसर हवा आत शिरली की बर्फावर धुकं धरतं, म्हणून हवेतला ओलावा शोषून घेणारी यंत्रं चालू ठेवावी लागतात.

कॅलिफोर्नियाचं आणि या बर्फाचं नातं तर फार जुनं आहे. सॅन डिएगोच्या उत्तरेला, लॉस एंजेलिसजवळ पॅरामाउंट नावाचं गाव आहे. तिथं फ्रँक झाम्बोनी आणि त्यांचे भाऊ बर्फाच्या लाद्यांचा धंदा करायचे. घरोघरी फ्रिज आले आणि लाद्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. थंडी तयार करायची विद्या तर हातात होती, म्हणून त्यांनी १९४० मध्ये स्केटिंगचं मैदान काढलं. पण मैदान चालवायचं तर दिवसभर पायाखाली चिरलेला बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला तीन-चार माणसांना तासाहून जास्त वेळ लागायचा. फ्रँक यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि १९४९ मध्ये एकट्या माणसानं काही मिनिटांत हे काम करता येईल असं यंत्र बनवलं. आज जगभर त्या गाडीला झाम्बोनीच म्हणतात. म्हणजे बर्फ सारखा करणारी गाडी बर्फाच्या देशात नव्हे, उन्हाच्या मुलखात जन्मली. मला ही गोष्ट फार आवडते.

दोन डावांच्या मध्ये ही गाडी येते तेव्हा चहापाण्याला उठू नका, निदान पहिल्या वेळी तरी बसून बघा. ती बर्फाचा वरचा थर खरवडत जाते आणि मागून गरम पाणी सोडते. होय, गरमच. गरम पाण्यानं चरे वितळून भरून निघतात आणि बर्फ सपाट बसतो. गाडीमागे काळपट ओला पट्टा चकाकतो आणि बघता बघता पुन्हा दुधाळ होतो. माझ्या शेजारी बसलेली लहान मुलं ड्रायव्हरला हात करत होती आणि तोही प्रत्येक फेरीला त्यांना हात करत होता.

आता थंडी. तुम्ही बेळगावच्या आहात, मुंबईच्या नव्हे. डिसेंबरात पहाटे व्हॅक्सिन डेपोवर फिरायला जाताना जे अंगावर घेता, तेवढं पुरे. स्वेटर, कानाला रुमाल किंवा टोपी, आणि पायात मोजे घालून बूट. साडी नेसणार असाल तर खुशाल नेसा, पण चप्पल नको, काँक्रीटचा गारवा तळपायातूनच चढतो. काचेजवळच्या रांगा जास्त गार असतात, वर गेलं की ऊब. दुसरं म्हणजे आवाज. यजमान संघानं गोल केला की कानठळ्या बसवणारा भोंगा वाजतो. कानाला यंत्र असेल तर त्याचा आवाज आधीच कमी करून ठेवा.

ह्यांच्या गुडघ्यांसाठी सुनेला एवढंच सांगा, की ज्या दारातून आत यायचं त्याच्या लगतच्या रांगेची तिकिटं बघ, म्हणजे पायऱ्या फार चढाव्या-उतराव्या लागणार नाहीत. शक्यतो मधल्या उंचीवर, कोपऱ्याकडे नको. अगदी काचेला लागून बसण्याची पुष्कळांना हौस असते, खेळाडू फळीवर आदळतात तो दणका तिथं अंगात जाणवतो. पण पलीकडच्या टोकाचा खेळ तिथून दिसत नाही, नवख्या माणसानं उंचावरूनच बघावं. आणखी एक लक्षात ठेवा : खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही. शिट्टी वाजून खेळ थांबला की मगच तिथली माणसं जिन्यावरून सोडतात. सामन्याला साधारण अडीच तास धरा. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं. मधल्या दोन सुट्ट्यांत सगळं उरकून घ्यायचं.

खाणं बाहेरून नेऊ देत नाहीत, तेव्हा कुंद्याचा डबा घरीच राहू दे. पिशवीच्या मापाचेही नियम असतात, ते सुनेनं आधी बघून ठेवावेत. आत पॉपकॉर्न, नाचोज, प्रेट्झेल असं शाकाहारी मिळतं.

राष्ट्रगीताला उभं राहायचं. समोरचा संघ कॅनडातला असेल, कॅलगरीचा किंवा ॲबट्सफर्डचा, तर दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात.

आता खेळ. प्रत्येक बाजूला सहा जण, त्यात एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. नियम दोनच लक्षात ठेवा. समोरच्या निळ्या रेघेपलीकडे आधी पक गेला पाहिजे, मग खेळाडू, नाहीतर ऑफसाइड. आणि आपल्या अर्ध्या भागातून पक उगाच पार पलीकडच्या गोलरेघेमागे ढकलून दिला तर आइसिंग, खेळ परत आपल्याच गोलाजवळ सुरू. कोणी आगळीक केली तर त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसानं कमी खेळतो. लोक उठून ओरडायला लागतात ते बहुतेक तेव्हाच.

पकाच्या मागे डोळे पळवू नका. तो फार जोरात जातो, डोकं दुखेल. त्यापेक्षा एक माणूस निवडा. मी गोलरक्षक निवडते. डाव सुरू होण्याआधी तो आपल्या गोलापुढचा गुळगुळीत बर्फ स्केटनं आडवा खरवडून खरखरीत करून घेतो, म्हणजे पाय निसटत नाही. मग काठीनं गोलाचे दोन्ही खांब टकटक करून बघतो, आपण नेमके कुठं उभे आहोत ते मागं न बघता कळावं म्हणून. पक लांब गेला की जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली उचलून घोटभर पितो. आणि पुढच्या क्षणी पाच जण अंगावर येतात, तेव्हा हाच माणूस गुडघ्यांवर बसून सरकत समोर आलेला असतो. एवढं जरी नीट बघितलंत तरी तिकिटाचे पैसे फिटले.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. हा ‘छोट्या’ लीगचा सामना म्हणून त्याला कमी लेखू नका. गल्स ज्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतात ती १९३६ पासून चालू आहे, आज तिच्यात ३२ संघ आहेत, आणि नॅशनल हॉकी लीग या सगळ्यांत वरच्या, मोठ्या लीगमध्ये खेळणाऱ्या दहांतले जवळपास नऊ जण आधी इथं खेळून गेलेले असतात. गल्स हा ॲनाहाइम डक्स या मोठ्या संघाचा हाताखालचा संघ. २०१५ पर्यंत डक्सची ही पोरं पार दुसऱ्या किनाऱ्यावर, व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये खेळायची. वर कोणी जखमी झालं की बदली खेळाडू अख्खा देश ओलांडून आणावा लागे. म्हणून त्या वर्षी कॅलिफोर्नियातच पाच संघ आणून बसवले. आता ॲनाहाइम मोटारीनं दीड-दोन तासांवर. सकाळी फोन आला की संध्याकाळी मुलगा मोठ्या मैदानावर. आणि उलटंही होतं, वरून परत पाठवलेला तिशीतला गडी वीस वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्यापासून झगडत असतो. तालुक्याला खेळणाऱ्या पोराकडे जिल्ह्याच्या निवड समितीचं लक्ष आहे म्हटल्यावर तो कसा जीव तोडून धावतो, ते मी आयुष्यभर मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिलंय. तेच धावणं मला तिथं दिसलं. म्हणून सांगते, जा.

आणि डिसेंबरात जाताय तर ‘टेडी बेअर टॉस’चा दिवस आहे का, ते सुनेला बघायला सांगा. त्या दिवशी यजमानांचा पहिला गोल झाला की प्रेक्षक घरून आणलेली कापडी अस्वलं बर्फावर फेकतात आणि ती गोळा करून गरजू मुलांना वाटतात. पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी गावच्या संघाकडे जानेवारी २०२५ मध्ये अशी १,०२,३४३ खेळणी जमली. तुम्हीही एखादं घेऊन जा.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत चार्ल्स्टनला असतो. नऊ वर्षांच्या नातवाला तो तिथल्या ‘स्टिंगरेज’ संघाच्या सामन्यांना नेतो. परवा व्हिडिओ कॉलवर नातू मोठ्या कौतुकानं सांगत होता, की दोन खेळाडू हातमोजे टाकून मारामारी करत होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. हे पोराच्या मनावर चांगलं का? शिवाय ती चकती प्रेक्षकांत येते म्हणे. मुलाला सांगून बंद करायला लावू का?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : मारामारी मला आवडत नाही आणि तिच्यावर टाळ्या वाजवणं तर त्याहून नाही. पण बंद करायला सांगू नका. नातवाला उरलेली अर्धी गोष्ट सांगा. हातमोजे टाकून भिडले की दोघांनाही पाच-पाच मिनिटं मैदानाबाहेर शिक्षेच्या पेटीत बसावं लागतं. दोघांपैकी एक खाली पडला की पंच मध्ये शिरतात. अमेरिकन हॉकी लीगमध्ये तर एका मोसमात दहा वेळा असं झालं की त्या खेळाडूला एका सामन्यासाठी बाहेर ठेवतात. पुढच्या कॉलला त्याला विचारा, ‘तो पाच मिनिटं बसला होता तेव्हा त्याच्या वाटचं कोण खेळलं रे?’ पोरं अशा प्रश्नावर खरंच विचार करतात. आजोबांनी विचारलेला प्रश्न बापाच्या उपदेशापेक्षा जास्त लागू पडतो, हा माझा शाळेतला अनुभव आहे.

चकतीची भीती मात्र रास्त आहे. २००२ मध्ये कोलंबस शहरातल्या मोठ्या लीगच्या सामन्यात प्रेक्षकांत बसलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा पक लागून जीव गेला. त्यानंतर त्या लीगनं गोलांच्या मागं उंच जाळी सक्तीची केली आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. पण बाजूच्या काचेवरून पक अजूनही येऊ शकतो. मुलाला सांगा, शक्यतो जाळीमागच्या रांगेत बसा, आणि खेळ चालू असताना मोबाइल खिशात. पोराच्या हातात तर नकोच.

संघाबद्दलही थोडं लिहिते. स्टिंगरेज १९९३ पासून ईसीएचएल नावाच्या लीगमध्ये खेळतात. ती वर सांगितलेल्या लीगच्याही एक पायरी खालची, पण पूर्ण व्यावसायिक आणि नियमांनी बांधलेली. कुटुंबं पोराबाळांसह जातात. नातवाला जाऊ द्या.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे, मैदानी हॉकीत गोलकीपर आहे. तुमचा लेख वाचून आइस हॉकीचे व्हिडिओ बघायला लागलो. आपल्या हॉकीवरून तिकडं जाता येतं का? भारतात कुठं शिकायला मिळतं?
— एक विद्यार्थी, अनगोळ

उत्तर : बाळा, तुझं पत्र सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण तुला उत्तर देताना हात आखडता घ्यायचा नव्हता.

दोन्ही खेळांत सारखं काय, ते आधी बघ. तुझ्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, त्यांच्या पकाचं १५६ ते १७०. म्हणजे अंगावर येणारी वस्तू जवळपास तेवढीच जड. पण तुझा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच, त्यांचा ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. तू त्यांच्या साडेतीन पट जागा राखायची सवय लावून घेतली आहेस, त्यामुळे कोन कमी करायला पुढं सरकणं तुला आधीच येतं. त्यांचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि कडेला फळ्या, त्यामुळे पक कडेनं सहसा बाहेर जात नाही, फळीवर आपटून तिथूनच उलटून येतो. गोलाच्या मागूनही खेळ चालतो. ते तुला नवीन पडेल, मान सतत वळवावी लागते. काठीच्या दोन्ही बाजू वापरता येतात.

जे येत नाही ते म्हणजे स्केट. त्याला दुसरा उपाय नाही, लहानपणापासून पायात स्केट असलेली पोरं तुझ्यापुढं असणार. पण तू बेळगावात आहेस. इथं रोलर स्केटिंग करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना शिकवणारी चांगली माणसंही आहेत. आधी चाकांवर उभा राहा. वळणं, थांबणं, मागं जाणं चाकांवर जमलं की बर्फावरची निम्मी भीती गेली. इनलाइन हॉकी हा चाकांवरचा खेळही आपल्या देशात खेळला जातो.

बर्फ हवा असेल तर लडाख. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि अख्खी गावं खेळतात. देहरादूनला बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान आहे. आणि एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींनाही सांग : आपल्या महिला संघानं २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, आइस हॉकीतलं त्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. ते जिंकलं अल ऐनला, म्हणजे अमिरातीच्या वाळवंटात. संघात लडाखच्या मुलींचाच भरणा होता.

पण मैदानी हॉकी सोडू नकोस. तू ज्या गावात गोल राखतोस, त्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. शंकर लक्ष्मण याच पलटणीचे. १९५६, १९६० आणि १९६४, तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत ते भारताचे गोलरक्षक होते, तिन्ही वेळा समोर पाकिस्तान, आणि तिन्ही सामने मिळून त्यांच्यावर गोल झाला तो फक्त एक. तोंडावर जाळी नाही, डोक्याला हेल्मेट नाही. पुढं ते भारताचे कर्णधारही झाले. त्यांच्याबद्दल जे सापडेल ते वाच, जुनी चित्रफीत मिळाली तर पाय कुठं आहेत ते बघ, हात नंतर.

सरावात एक कर. डी मध्ये उभा असताना, चेंडू पलीकडे असेल तेव्हा, मागं न बघता काठीनं दोन्ही खांब शोध. आधी डावा, मग उजवा. सुरुवातीला चुकेल, मग चुकणार नाही. तो बर्फावरचा गोलरक्षक मला तसं करताना दिसला आणि मला वाटलं, हे मी माझ्या मुलींना आधीच शिकवायला हवं होतं की. तुझ्या सरांना हे पान दाखव, आणि स्केटिंगच्या वर्गाला जायला लागलास की मला कळव. कोणत्या मापाचे स्केट घ्यायचे आणि जुने कुठं मिळतील, ते पुढच्या पत्रात लिहीन.